पाणी उंबऱ्याकडे येताना

पावसाळा उताराला लागतो तेव्हा बहुतेक तलाव काठोकाठ भरलेले असतात. त्यानंतर पडणारं पाणी साठायला जागाच नसते. नागपुरात २३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे तेच झालं. उत्तरा नक्षत्र चालू होतं. काही तासांत शंभर मिलिमीटरहून जास्त पाऊस पडला, अंबाझरी तलाव ओसंडला आणि नाग नदीने काठ सोडले. अंबाझरी ले-आउट, डागा ले-आउट, कॉर्पोरेशन कॉलनी या भागांत लोकांना जाग आली तेव्हा पाणी घरात शिरलेलं होतं. तलावाशेजारी राहणाऱ्या वाचकांचे प्रश्न आमच्याकडे दर पावसाळ्यात येतात. या वेळी ते एकत्र घेतले आहेत. सारख्या आशयाची पत्रं एकात मिसळली आहेत.

प्रश्न : आमचं घर तलावापासून दीडशे फुटांवर आहे. वीस वर्षांत पाणी कधी कुंपणालाही लागलं नव्हतं. गेल्या दोन पावसाळ्यांत ते फाटकापर्यंत आलं. आणखी किती चढेल, हे आधी कळण्याचा काही मार्ग आहे का?
*— एक वाचक, भंडारा जिल्हा*

आहे, आणि त्याला यंत्र लागत नाही. दीडशे फूट हे अंतर मात्र इथे कामाचं नाही. भरलेल्या तलावातलं जास्तीचं पाणी जिथून बाहेर पडतं त्या सांडव्याचा माथा आणि तुमच्या घराचं जोतं यांच्या उंचीत किती फरक आहे, तो आकडा हवा. कोल्हापुरातल्या माणसाला राजाराम बंधाऱ्याची इशारा पातळी ३९ फूट आणि धोका पातळी ४३ फूट हे पाठ असतं. सांगलीत आयर्विन पुलापाशी हेच आकडे ४० आणि ४५ आहेत. अमुक फुटाला पाणी आपल्या गल्लीत येतं, हे तिथल्या घराघरांत ठाऊक असतं. लहान तलावांना असे जाहीर आकडे नसतात. ते आपले आपणच काढून ठेवायचे.

तलाव सांडव्याला टेकलेला असेल असा बिनवाऱ्याचा दिवस निवडा. पाण्याच्या काठाला खुंटी ठोका आणि पाण्याच्या पातळीवर खूण करा. मग गवंड्याकडे असते ती पारदर्शक लेव्हलची नळी घ्या. चाळीस-पन्नास फुटांची पुरते. एक टोक खुणेशी, दुसरं पुढच्या खुंटीशी, असं करत तीन-चार टप्प्यांत जोत्यापर्यंत या. नळीत एक बुडबुडा राहिला तरी आकडा चुकतो. म्हणून पाणी भरल्यावर दोन्ही टोकं शेजारी धरा आणि पाणी एका रेषेत येतं का ते बघा. जोत्यापासून उलट मोजत परत काठावर या. दोन मोजण्यांत इंचभराहून जास्त फरक पडला तर पुन्हा मोजा. समजा, जोतं सांडव्याच्या माथ्यापेक्षा ३ फूट ४ इंच उंच निघालं. तुमच्या हाती आहे ती तेवढीच उंची. मोठ्या तलावावर वारा तुमच्या काठाकडे वाहत असेल तर लाटांसाठी त्यातून फूटभर वजा करा.

आता काठाजवळच्या एखाद्या पक्क्या खांबावर ऑइल पेंटने इंच आणि फूट आखा. शून्य सांडव्याच्या माथ्याशी जुळवा. रात्री घरातूनच बॅटरीच्या उजेडात वाचता येईल अशा बाजूला आणि एवढ्या मोठ्या आकड्यांत आखा.

किती चढेल याचा अंदाज पाणलोटावरून, म्हणजे ज्या जमिनीवरचा पाऊस वाहत तलावात येतो तिच्यावरून, येतो. तलाव १० हेक्टरचा आणि त्याचा पाणलोट १५० हेक्टरचा आहे असं धरू. जमीन आधीच भिजलेली आहे आणि पडलेल्या पावसातला निम्मा वाहून तलावात येतो. १०० मिलिमीटर पावसातले ५० मिलिमीटर गुणिले १५, म्हणजे ७५० मिलिमीटर. तलावावर थेट पडलेले १०० मिळवा. एकूण ८५० मिलिमीटर, म्हणजे पावणेतीन फूट. सांडव्यातून पाणी जात राहतं, त्यामुळे प्रत्यक्षात चढ याहून कमी होतो. पण सांडवा तुंबलेला असेल तर हाच आकडा खरा ठरतो. पाणलोटात घरं, रस्ते, काँक्रीट वाढलं की निम्म्याऐवजी सत्तर-ऐंशी टक्के पाणी वाहून येतं, तेही कमी वेळात. वीस वर्षांत न आलेलं पाणी आता फाटकाला का लागतं, याचं पहिलं कारण बहुधा हेच असतं.

दुसरं कारण सांडव्यावर जाऊन बघा. जलपर्णी साचते, मासे वाहून जाऊ नयेत म्हणून लावलेल्या जाळीत काडीकचरा अडकतो, किंवा कोणी जास्त पाणी साठावं म्हणून माथ्यावर विटांचे दोन थर चढवलेले असतात. सांडव्याची निम्मी लांबी बंद झाली तर तेवढंच पाणी बाहेर जायला तलावाची पातळी माथ्यावर १ फुटाऐवजी सुमारे १ फूट ७ इंच चढावी लागते. हे सात इंच थेट तुमच्या हिशेबातून जातात. जाळी आणि जलपर्णी काढणं हे ग्रामपंचायतीने आणि मत्स्य सहकारी संस्थेने पावसाळ्याआधी मिळून करायचं काम आहे. पुरात एकट्यादुकट्याने सांडव्यात उतरू नका. वाहत्या पाण्याची ओढ गुडघाभर खोलीतही पाय उचलते.

पाणी चढायला लागलं की दर अर्ध्या तासाने आकडा लिहून ठेवा. १० इंच शिल्लक आहेत आणि अर्ध्या तासाला २ इंच चढतंय, तर हिशेबाने अडीच तास मिळतात. हातात सव्वा तासच आहे असं धरून चाला, कारण चढण्याचा वेग एकसारखा राहत नाही. आणखी एक गोष्ट लोकांना फसवते. पाऊस थांबला म्हणून तलाव चढायचा थांबत नाही. आत येणारं आणि सांडव्यातून बाहेर जाणारं पाणी सारखं होईपर्यंत पातळी वाढतच राहते. ओढे लांबून येत असतील तर उघडीप पडल्यावरही काही तास पाणी चढतं. लागोपाठ तीन मोजण्यांत आकडा उतरलेला दिसेपर्यंत सामान खाली आणू नका.

प्रश्न : आम्ही तलावाच्या काठावर राहत नाही. तलावाच्या पाळीच्या, म्हणजे मातीच्या बांधाच्या, खालच्या बाजूला, सांडव्याच्या नाल्यालगत घर आहे. वरचे नियम आम्हालाही लागू आहेत का?
*— एक वाचक, नागपूर*

नाहीत. काठावरच्या घरात पाणी इंचाइंचाने चढतं. तुमच्याकडे ते उडी घेऊन येतं. सांडव्यावरून जाणारं पाणी माथ्यावरच्या उंचीच्या दीड घाताने वाढतं. साध्या भाषेत, रुंद माथ्याच्या २० मीटर लांब सांडव्यावर १ फूट पाणी असेल तर नाल्यात सेकंदाला साडेपाच हजार लिटरच्या आसपास येतं. २ फूट झालं की सोळा हजारांच्या आसपास, जवळजवळ पावणेतीनपट. वरच्या तलावात फक्त एक फूट वाढलेलं असतं, तुमच्या नाल्याचं रूप मात्र पालटलेलं असतं. त्यात पुढचा रपटा (नाल्यावरचा ठेंगणा पूल) किंवा पाइपचा पूल अरुंद असला तर पाणी तिथे अडून मागे फुगतं. नाल्यावरच्या घरांना पूर बहुतेक वेळा या अडलेल्या जागेपासून मागे येतो. म्हणून आपल्या घराच्या खालच्या बाजूला पहिला अडथळा कुठे आहे, ते कोरड्या दिवसांत चालत जाऊन बघून ठेवा.

तुमचा इशारा घराशी नाही, सांडव्याशी लावलेला हवा. सांडवा दिसणाऱ्या एखाद्या घराशी आधी बोलून ठेवा. माथ्यावर अर्धा फूट पाणी आलं की त्यांनी फोन करायचा, आणि तो आला की वृद्ध, मुलं, औषधं आणि कागदपत्रं वरच्या मजल्यावर किंवा उंचावरच्या घरी न्यायची. झोपायची वेळ असेल आणि सांडवा वाहता असेल तर तळमजल्यावर कोणी झोपू नये. एवढं एक पाळलं तरी जीव वाचतात.

प्रश्न : पाळीच्या पायथ्याशी पाणी पाझरताना दिसतं. जुनी माणसं म्हणतात, पूर्वीपासून आहे. कधी घाबरायचं?
*— एक वाचक, गोंदिया जिल्हा*

मातीची पाळ थोडी पाझरतेच. मालगुजारी तलावांच्या पाळी शेकडो वर्षांच्या आहेत आणि पायथ्याशी ओल असूनही उभ्या आहेत. बघायचं ते पाझराचा रंग आणि प्रमाण. पारदर्शक काचेच्या बाटलीत पाणी भरा आणि अर्धा तास स्थिर ठेवा. तळाशी मातीचा थर बसला तर पाळीच्या पोटातली माती वाहून चालली आहे. हे धोक्याचं आहे. पाणी स्वच्छ असलं, पण कालच्यापेक्षा आज जास्त येतंय आणि तलावाची पातळी तेवढीच आहे, तर तेही तितकंच गंभीर. पाळीच्या माथ्यावर लांबीच्या दिशेने पडलेली भेग, खालच्या उतारावर मातीचा फुगवटा, तलावाच्या बाजूला पाण्यात फिरणारा भोवरा, यांपैकी काहीही दिसलं तर खालची वस्ती आधी हलवा आणि मग तपासणी.

पाझराच्या तोंडावर चिकणमाती कोंबून ते बंद करण्याचा मोह होतो. ते करू नका. पाण्याला वाट मिळाली नाही की दाब आत वाढतो आणि ते दुसरीकडून जास्त माती घेऊन फुटतं. जाणकार अभियंता अशा तोंडाभोवती वाळूच्या पोत्यांचं कडं करतो आणि आत वाळू-खडीचा थर देतो. मग पाणी येत राहतं, माती अडते. तोवर जिल्हा आपत्ती नियंत्रण कक्षाला १०७७ वर किंवा ११२ वर कळवा आणि तहसील कार्यालयात लेखी द्या. २ जुलै २०१९ च्या रात्री चिपळूण तालुक्यातलं तिवरे धरण फुटलं, तेव्हा खालच्या वाडीतल्या माणसांना निघायला वेळच मिळाला नाही. मातीचं धरण फुटायला लागलं की ते थांबवता येत नाही. आधीच्या खुणाच वाचाव्या लागतात.

प्रश्न : वाळूची पोती किती लागतात, कशी लावायची? गेल्या वर्षी लावली होती, तरी पाणी आत आलंच.
*— एक वाचक, कोल्हापूर*

बहुधा पोती गच्च भरून तोंड बांधलेली असणार. गच्च पोतं दगडासारखं होतं, शेजारच्या पोत्याला चिकटत नाही आणि मधल्या फटींतून पाणी येतं. सिमेंटची रिकामी गोणी अर्धवटच भरा. वजन १५ ते १८ किलो व्हावं. तोंड बांधू नका, पोत्याखाली दुमडा आणि दुमडलेली बाजू पाण्याकडे ठेवा. विटांसारखे सांधे चुकवत थर लावा आणि प्रत्येक थर पायाने तुडवून चपटा करा. पाण्याच्या बाजूने जाड प्लास्टिक किंवा ताडपत्री टाका. तिची खालची कड पोत्यांच्या पहिल्या थराखाली दाबलेली हवी, नाहीतर पाणी खालून शिरून तीच उचलून टाकतं. ताडपत्री थोडी सैल राहू द्या. ताणलेली असली की पाण्याच्या दाबाने फाटते.

पाया उंचीच्या तिप्पट रुंद असावा. १ फूट उंच आणि १० मीटर लांब बांधायला सुमारे दीडशे पोती आणि अर्धा ब्रास वाळू लागते. उंची २ फूट केली तर पोती दुप्पट होत नाहीत. पाचशेच्या पुढे जातात आणि वाळू दोन ब्रासच्या आसपास. दोन माणसं तासाला चाळीस-पन्नास पोती भरतात, यावरून आपल्याला काय झेपेल ते ठरवा. बहुतेक घरांनी सगळ्या अंगणाभोवती बांध घालण्याच्या नादाला लागू नये. दारं आणि खालच्या खिडक्या तेवढ्या धराव्यात. दारासाठी वॉटरप्रूफ प्लायचा तुकडा चौकटीपेक्षा दोन्ही बाजूंनी सहा-सहा इंच मोठा कापा आणि बाहेरून लावा, म्हणजे पाण्याचा दाबच त्याला भिंतीवर घट्ट बसवेल. मध्ये जुन्या सायकल ट्यूबची किंवा फोमची पट्टी ठेवा, बाहेर आठ-दहा पोती टेका. थोडं पाणी तरीही झिरपेल. आत एका कोपऱ्यात ते गोळा करून उपसायची तयारी ठेवा.

आता यातली सर्वांत महत्त्वाची गोष्ट. बाहेर २ फुटांपेक्षा जास्त पाणी चढणार असेल तर ते अडवू नका. आत येऊ द्या. मन मानत नाही, हे समजतं. पण हिशेब बघा. भिंतीच्या प्रत्येक मीटर लांबीवर २ फूट पाणी सुमारे १८० किलोचा जोर देतं. ४ फूट झालं की सव्वासातशे किलो. उंची दुप्पट झाली की ढकलण्याचा जोर चौपट होतो आणि भिंत उलथवण्याचा आठपट. नऊ इंची विटेची भिंत खालचं वजन उभं पेलण्यासाठी असते, आडवा धक्का सोसण्यासाठी नाही. आत-बाहेर पाणी सारखं असलं तर भिंतीवर फरकाचा दाबच राहत नाही. ओलं झालेलं घर वाळतं. शक्य असेल तर दार उघडण्याआधी टाकीतलं स्वच्छ पाणी जमिनीवर सोडा. आधी स्वच्छ पाण्याने भिजलेल्या फरशीच्या सांध्यांत गाळ कमी शिरतो.

प्रश्न : दारात पोती लावली, उंबरा कोरडा होता. पण न्हाणीतून आणि संडासातून काळं पाणी उसळून आलं. हे कसं थांबवायचं?
*— एक वाचक, कोल्हापूर*

तलावाचं पाणी बाहेरच्या चेंबरच्या झाकणावर चढलं की पाइपमधलं पाणी त्याच पातळीला येऊ बघतं. तुमच्या न्हाणीची जाळी आणि संडास ही घरातली सर्वांत खालची तोंडं, म्हणून पाणी तिथून आधी वर येतं. दार ही त्यानंतरची गोष्ट. कायमचा उपाय म्हणजे घरातून बाहेर पडणाऱ्या शेवटच्या पाइपवर नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह, म्हणजे पाणी एकाच दिशेने जाऊ देणारी झडप. त्याच्या झडपेत केस, कापडाचा तुकडा किंवा पिशवी अडकली की ती अर्धी उघडी राहते आणि नेमकी पुरात कामी येत नाही. मृगाच्या आधी दर वर्षी झाकण काढून झडप हाताने हलवून बघा.

व्हॉल्व्ह नसेल तर त्या रात्री हे करा. जाड प्लास्टिक पिशवीत जुना टॉवेल गुंडाळून मुठीएवढा बोळा करा आणि न्हाणीची जाळी काढून तो पाइपच्या तोंडात पिळून बसवा. वर वाळूने भरलेलं छोटं पोतं ठेवा. वजन किती हवं, तेही काढता येतं. ४ इंची पाइपचं तोंड सुमारे ८० चौरस सेंटिमीटरचं असतं. बाहेर २ फूट जास्त पाणी असेल तर खालून पाच किलोच्या आसपास जोर येतो. सात-आठ किलोचं पोतं पुरेसं होतं. वीट ठेवली तर बोळा एका बाजूने उचलला जातो. पोतं कडांवर पसरतं, म्हणून तेच वापरा. संडासाच्या भांड्यात तशीच वाळूची पिशवी दोन प्लास्टिक पिशव्यांत घालून बसवा, नंतर काढायला दोरी बांधून ठेवा. वॉशिंग मशीनचं आउटलेट आणि बेसिनचा पाइप हमखास विसरले जातात.

तोंडं बंद केली की वरच्या मजल्यावरचा नळ आणि संडास कोणी वापरायचा नाही. ते सांडपाणी बाहेर जाऊ शकत नाही आणि तुमच्याच तळमजल्यावरचा बोळा उडवतं. बादली आणि राख किंवा लाकडाचा भुसा वर नेऊन ठेवा. दोन दिवस त्यावर निभावतं.

प्रश्न : सेप्टिक टँक आणि जमिनीखालची पाण्याची टाकी पूर येण्याआधी उपसून रिकामी करावी का?
*— एक वाचक, सांगली*

करू नये. आजूबाजूची जमीन पाण्याने भरलेली असताना ५ हजार लिटरची रिकामी टाकी म्हणजे वर उचलणारा निदान ५ टनांचा जोर. फायबरच्या आणि प्लास्टिकच्या टाक्या अंगण फोडून वर येतात, काँक्रीटच्या टाकीचा तळ तडकतो. पाण्याची टाकी स्वच्छ पाण्याने काठोकाठ भरा, झाकणाच्या कडा प्लास्टिक आणि चिकटपट्टीने बंद करा. सेप्टिक टँक पूर ओसरून जमीन वाळल्यावरच उपसायचा.

प्रश्न : मेन स्विच कधी बंद करायचा? इन्व्हर्टर चालू ठेवला तर चालेल का? गॅस सिलिंडरचं काय?
*— एक वाचक, ठाणे*

मेन स्विच पाणी घरात येण्याआधी, कोरड्या पायांनी बंद करायचा. पाणी चढत जोत्याच्या वरच्या कडेच्या खाली सहा इंचांपर्यंत आलं की ती वेळ झाली असं समजा. पाण्यात उभं राहून स्विचला हात लावायचा नाही. मीटरची पेटी बाहेर पाण्यात गेली असेल तर महावितरणच्या १९१२ वर कळवून खांबावरून पुरवठा तोडायला सांगा.

मेन स्विच बंद केल्यावर इन्व्हर्टर आपोआप चालू होतो आणि घरातल्या काही तारांत पुन्हा वीज येते. मेन बंद आहे म्हणून निर्धास्तपणे पाण्यात चालणाऱ्या माणसाला शॉक बसतो तो असा. इन्व्हर्टर त्याच्या स्वतःच्या बटणाने बंद करा, बॅटरीच्या दोन्ही तारा काढा, उणे टोकाची आधी. बॅटरी माळ्यावर ठेवणार असाल तर सरळ उभीच ठेवा, आडवी केली तर आम्ल सांडतं. छतावर सौर पॅनेल असतील तर त्यांच्या तारांत उजेड असेपर्यंत वीज असते, त्यांचा डीसी स्विच वेगळा बंद करावा लागतो.

सिलिंडर जड असल्यामुळे जागेवर राहील असं वाटतं. घरगुती सिलिंडरचं लोखंड आणि १४.२ किलो गॅस मिळून वजन तीस किलोच्या आसपास भरतं, पण तो पाणी बाजूला सारतो ३५ लिटरच्या आसपास. म्हणजे भरलेला सिलिंडरही तरंगतो, आडवा होतो, नळी ताणून तोडतो. रेग्युलेटर काढा, सुरक्षा टोपी बसवा आणि सिलिंडर वर न्या. नेता येत नसेल तर उभ्या स्थितीत खिडकीच्या गजाला साखळीने बांधा. दोरी भिजून सैल पडते.

पाणी ओसरल्यावर बटण दाबून बघू नका. भिंतीतल्या पाइपमध्ये आणि जोडपेट्यांत पाणी आठवडाभरही राहतं. पेट्या उघडून वाळू द्या, मग वायरमनकडून मेगर (तारांमधून वीज गळते का ते मोजायचं यंत्र) लावून घ्या. आकडा १ मेगाओहमपेक्षा कमी आला तर ती लाइन अजून ओली आहे. घरात ३० मिलिअँपिअरची आरसीसीबी (वीज गळली की पुरवठा आपोआप तोडणारा स्विच) नसेल तर वीज पुन्हा जोडायच्या आधी ती बसवून घ्याच.

प्रश्न : पूर ओसरल्यावर तळघरातलं पाणी पंपाने एका दिवसात काढलं आणि भिंतीला मोठी भेग गेली. पंपाचा काय संबंध?
*— एक वाचक, सांगली*

घरातलं पाणी गेलं तरी बाहेरची माती अजून भिजलेली होती. आतला आधार काढून घेतला आणि बाहेरच्या पाण्याचा व चिखलाचा सगळा दाब भिंतीवर एकदम आला. बाहेरचं पाणी तळघराच्या आतल्या पातळीखाली गेल्यावरच पंप लावावा. एक फूट काढून भिंतीवर खूण करावी आणि रात्रभर थांबावं. सकाळी पाणी खुणेच्या वर आलं असेल तर बाहेरून अजून येतंय, अजून थांबा. खूण कायम असेल तर पुढचा फूट काढा.

मातीच्या किंवा मातीत बांधलेल्या दगडी भिंती पूर असताना टिकतात आणि पाणी उतरल्यावर दोन-तीन दिवसांनी, ऊन पडल्यावर कोसळतात. पायथ्याची माती मऊ झालेली असते आणि वरचं वजन तेवढंच. अशा घरात पाणी उतरल्या उतरल्या झोपायला जाऊ नका. भिंतीला ओळंबा लावा, उभ्या-तिरप्या भेगांवर तारीख लिहून पेन्सिलने टोकं खुणवा. चार दिवसांत भेग पुढे सरकली नाही, तर मग विचार करा.

प्रश्न : विहिरीत पुराचं पाणी गेलं. टीसीएल (ब्लीचिंग पावडर) किती टाकायचं?
*— एक वाचक, भंडारा जिल्हा*

आधी विहीर शक्य तेवढी उपसा, गाळ काढा, पुन्हा भरू द्या. मग पाणी मोजा: व्यास गुणिले व्यास गुणिले पाण्याची खोली गुणिले ०.७८५, सगळं मीटरमध्ये. ३ मीटर व्यास आणि ४ मीटर पाणी असेल तर सुमारे २८ हजार लिटर. पुरानंतरच्या पहिल्या वेळी जोरदार मात्रा लागते. ३३ टक्क्यांच्या चांगल्या टीसीएलची ४ ते सव्वाचार किलो पावडर बादलीत थोडी थोडी कालवायची, चुना खाली बसू द्यायचा आणि वरचं निवळ पाणी विहिरीत सोडून पोहऱ्याने ढवळायचं. हे करताना स्वतःच्या नाकातोंडावर कापड बांधा. बारा तास ते पाणी कोणी वापरायचं नाही. मग उपसून टाका आणि पुढे रोज हजार लिटरला अडीच ग्रॅम, म्हणजे या विहिरीला ७० ग्रॅम. उघड्या डब्यात ठेवलेल्या जुन्या पावडरमध्ये क्लोरीन उरलेला नसतो. पावडर टाकूनही गावात जुलाब का झाले, याचं उत्तर पुष्कळदा त्या डब्यात असतं.

प्रश्न : पुराच्या पाण्यातून चालावं लागलं. पायाला जखम होती. काय करावं?
*— एक वाचक, ठाणे*

साबणाने धुवा आणि ७२ तासांच्या आत डॉक्टरकडे जा. उंदीर-गुरांच्या मुताने दूषित झालेल्या पाण्यातून लेप्टोस्पायरोसिस होतो. तो टाळण्यासाठी गोळी द्यायची की नाही आणि किती, हे डॉक्टर ठरवतील. गर्भवती स्त्रिया आणि लहान मुलांना वेगळं औषध लागतं. धनुर्वाताचं इंजेक्शन शेवटचं कधी घेतलं, तेही सांगा.

प्रश्न : गोठ्यात तीन जनावरं आहेत. रात्री पाणी आलं तर?
*— एक वाचक, गोंदिया जिल्हा*

संध्याकाळीच उंचावर न्या. नेता आली नाहीत तर दावी सोडा. जनावर पोहून जाऊ शकतं, बांधलेलं बुडतं. कानातल्या बिल्ल्याचा क्रमांक आणि फोटो मोबाइलमध्ये ठेवा, सापडल्यावर ओळख पटते आणि पंचनाम्यालाही लागतो.

प्रश्न : गाडीच्या सीटपर्यंत पाणी होतं. आता ओसरलंय. सुरू करून बघू का?
*— एक वाचक, नागपूर*

नाही. चावीही फिरवू नका. सिलिंडरमध्ये पाणी असेल तर ते दाबलं जात नाही, पिस्टनचा दांडा वाकतो आणि दुरुस्त होणारं इंजिन बदलावं लागतं. बॅटरीची तार काढा, पाणी कुठवर आलं होतं त्या चिखलाच्या रेषेचे फोटो चारही बाजूंनी घ्या आणि गाडी ओढूनच गॅरेजला न्या. फक्त थर्ड पार्टी विमा असेल तर पुराची भरपाई मिळत नाही. सर्वसमावेशक विम्यातही पाणी गेलेलं इंजिन नंतर चालू केल्यामुळे झालेलं नुकसान बहुधा नाकारलं जातं, त्यासाठी इंजिन संरक्षणाची जोड वेगळी घ्यावी लागते. घराचं नुकसान झालं असेल तर तिथेही भिंतीवरची रेषा धुण्याआधी फूटपट्टी धरून फोटो घ्या आणि तलाठी पंचनाम्याला येईपर्यंत भिजलेलं सामान टाकून देऊ नका. टाकावंच लागलं, तर प्रत्येक वस्तूचा फोटो आणि यादी ठेवा.